कोरड्या प्रदेशातील जीवसृष्टी आणि आपला माळ



भूगोलाच्या तासाला ‘वाळवंट’ हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभे राहते : सर्वत्र वाळूचे ढीग, डोक्यावर तळपता सूर्य, एखादा उंट आणि बाकी सारे शून्य. पुष्कळदा हे चित्र आपणच फळ्यावर काढलेले असते. ते सर्वस्वी चूक नाही, पण अपुरे आहे. आणि अपुऱ्या चित्राचा परिणाम केवळ भूगोलाच्या पाठापुरता मर्यादित राहत नाही. जेथे पाऊस कमी व झाडे विरळ ती भूमी निरुपयोगी, असा ग्रह मुलाच्या मनात एकदा रुजला की ते स्वतःच्या गावच्या माळाकडेही त्याच दृष्टीने पाहू लागते. पुढे तेच मूल मोठे होऊन ग्रामसभेत बसते आणि त्या माळाचे काय करावयाचे याचा निर्णय करते.

म्हणून प्रस्तुत लेखात आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील नामिब व कालाहारी या दोन कोरड्या प्रदेशांची ओळख करून घेऊन, तिच्या आधारे आपल्या दख्खनच्या माळरानांचा विचार करण्याचे योजिले आहे. शेवटी वर्गात व वर्गाबाहेर करून पाहण्याजोगे काही उपक्रम दिले आहेत.

कोरडेपणा कोठून येतो?

वर्षाकाठी सुमारे २५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशास वाळवंट म्हणण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. वाळू ही वाळवंटाची अट नव्हे, हे प्रथम मुलांच्या लक्षात आणून द्यावे. दगडगोट्यांचे वाळवंट असते, मुरमाचे असते, खडकाचेही असते. पाण्याची टंचाई हे त्याचे खरे लक्षण होय.

ही टंचाई मुख्यतः तीन कारणांनी निर्माण होते. विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा सुमारे २० ते ३० अंश अक्षांशांच्या दरम्यान खाली उतरते. उतरताना ती तापते व कोरडी होते, हे पहिले कारण. बाष्पाने भरलेले वारे डोंगर चढताना आपले पाणी अलीकडेच सांडतात व पलीकडचा प्रदेश पर्जन्यछायेत राहतो, हे दुसरे. समुद्रातून वाहणाऱ्या थंड प्रवाहामुळे किनाऱ्यावरील हवा थंड राहते, ती वर चढत नाही, आणि म्हणून ढग बनून पाऊस पडत नाही, हे तिसरे.

यांपैकी दुसरे कारण समजावून देण्यासाठी आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेस असलेल्या माण तालुक्यात तो कसाबसा ५०० मिलिमीटरच्या घरात असतो. मधे आहे तो केवळ सह्याद्रीचा माथा. दक्षिण आफ्रिकेतही हाच प्रकार घडतो, मात्र दिशा उलट आहे. तेथे बाष्प पूर्वेकडून, म्हणजे हिंदी महासागराकडून येते. पूर्वेकडील ड्राकेन्सबर्ग पर्वतावर ते बरेचसे रिते होते आणि पश्चिमेकडे जावे तसतशी भूमी कोरडी होत जाते. पश्चिम किनाऱ्याला बेंगेला नावाचा थंड सागरी प्रवाह आहे. अशा रीतीने तिन्ही कारणे तेथे एकत्र आली आहेत.

नामिब : धुक्यावर जगणारी सृष्टी

नामिब वाळवंट अटलांटिक महासागराच्या काठाने सुमारे २,००० किलोमीटर पसरले आहे. त्याचा बहुतेक भाग नामिबिया देशात असून उत्तर टोक अंगोलात व दक्षिण टोक दक्षिण आफ्रिका देशात जाते. नामिबिया हा देश १९९० साली स्वतंत्र झाला. या वाळवंटावरूनच त्याचे नाव पडले. जगातील अतिप्राचीन वाळवंटांत नामिबची गणना होते. तेथील वाळूच्या टेकड्या तांबूस रंगाच्या असून काहींची उंची ३०० मीटरच्या आसपास आहे. २०१३ साली या वालुका-सागरास जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

किनाऱ्याजवळ वर्षभरात मिळून २० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. आपल्याकडे आषाढातील एखादी चांगली सर तेवढे पाणी तासाभरात देऊन जाते. मग तेथे जीव जगतात कसे? उत्तर आहे, धुके. थंड प्रवाहावरून येणारी ओलसर हवा रात्री व पहाटे धुक्याच्या रूपाने वाळवंटात शिरते, आणि तेवढ्या ओलाव्यावर एक संपूर्ण जीवसृष्टी उभी आहे.

तेथील एक काळा भुंगेरा पहाटे वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो, डोके खाली व मागचा भाग वर अशा रीतीने उभा राहतो. धुक्याचे कण त्याच्या पाठीवर साचतात, त्यांचा थेंब बनतो आणि तो ओघळत त्याच्या तोंडाशी येतो. वेलविचिया नावाची वनस्पती तर त्याहून नवलाची आहे. १८५९ साली फ्रीडरिख वेलविच या वनस्पतिशास्त्रज्ञास ती अंगोलात आढळली. तिला आयुष्यभर दोनच पाने असतात. ती बुडाशी वाढत राहतात व टोकाशी वाऱ्याने फाटत जातात, त्यामुळे पाहणाऱ्यास पानांचा ढीग पडल्यासारखा वाटतो. यांतील काही वनस्पतींचे वय हजार वर्षांहून अधिक आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्या वेळी अंकुरून कित्येक वर्षे झालेली वेलविचिया आज तेथे जिवंत आहे.

जेम्सबॉक नावाचे लांब सरळ शिंगांचे हरीण भर दुपारी तेथे उभे असलेले दिसते. घाम गाळून अंग थंड ठेवण्यात पाणी खर्च होते, म्हणून ते आपल्या शरीराचे तापमान काही काळ वाढू देते व रात्रीच्या गारव्यात ते उतरवते. या तिन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. येथील प्राणी व वनस्पती केवळ कसेबसे तग धरून राहिलेले नाहीत. कोरडेपणा हीच त्यांची घडण आहे. त्यांस बागायती प्रदेशात आणून सोडले तर ते तेथे टिकणार नाहीत.

कालाहारी : नावाचे वाळवंट, रूपाने माळ

नामिबच्या पूर्वेस कालाहारी पसरली आहे. तिचा मोठा भाग बोट्स्वाना देशात असून उरलेला नामिबिया व दक्षिण आफ्रिका या देशांत आहे. क्षेत्रफळ सुमारे ९ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ तिप्पट. त्स्वाना भाषेतील ‘तहान’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले असे सांगतात.

नकाशात ‘वाळवंट’ असे छापलेले असले तरी कालाहारीचा बराच भाग काटेकोर अर्थाने वाळवंट नाही. नैर्ऋत्येस सुमारे १५० मिलिमीटर, तर ईशान्येस ५०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशाइतका पाऊस तेथे पडतो. परंतु तांबडी वाळू ते पाणी तत्काळ शोषून घेते आणि जमिनीवर ओढे-नाले राहत नाहीत. पावसानंतर मात्र ही भूमी गवताने भरून जाते. मधूनमधून बाभळीच्या कुळातील काटेरी झाडे उभी असतात. बोसिया नावाच्या एका झाडाची मुळे कालाहारीत ६८ मीटर खोलवर गेलेली आढळली आहेत. एवढी खोल विहीर आपल्या भागातही क्वचितच असेल.

या गवताळ भूमीवर स्प्रिंगबॉक हरणांचे कळप चरतात. मुंगसाच्या कुळातील मीरकॅट बिळे करून समूहाने राहतात. बाकीचे भक्ष्य शोधत असता एक जण मागील पायांवर उभा राहून पहारा करतो. आपल्या सुगरणीसारखा विणकर पक्षी तेथेही आहे. मात्र तो एकेकटे घरटे न बांधता शेकडोंनी मिळून गंजीएवढे एकच प्रचंड घरटे बांधतो, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतो. जाड गवताचे ते छप्पर दिवसाची उष्णता व रात्रीची थंडी दोन्ही अडविते.

पखुर्डी पक्ष्याची हकीकत मुलांस अवश्य सांगावी. कालाहारीतील पखुर्डीचा नर दूरच्या पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे पाण्यात भिजवितो. ती पिसे पाणी धरून ठेवतात. मग कित्येक किलोमीटर उडत येऊन तो पिल्लांपुढे उभा राहतो आणि पिल्ले त्याच्या पिसांतून पाणी चोखून घेतात. याच कुळातील पखुर्डी आपल्या माळांवरही आहे.

या भूमीत माणूसही हजारो वर्षे राहत आला आहे. सान लोकांस वाळूखालील कंद, कलिंगडाच्या कुळातील रानटी फळांतील पाणी, प्राण्यांचे माग यांचे सखोल ज्ञान आहे. बाहेरून आलेल्यांनी ज्या भूमीस ‘रिकामी’ म्हटले, तीच त्यांचे घर होती. पुढे मध्य कालाहारीच्या राखीव क्षेत्रातून त्यांना हलविण्यात आले. त्याविरुद्ध ते न्यायालयात गेले, व २००६ साली बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयाने तेथे राहण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. भूमीस रिकामी ठरविले की तेथील माणसेही हिशेबातून गळतात, हा त्या प्रकरणाचा बोध आहे.

आपला माळ

आता आपल्या परिसराकडे वळू. पाथरी तालुका वाळवंटी नाही. गोदाकाठची काळी कसदार जमीन आणि जायकवाडीचा डावा कालवा यांमुळे येथे कापूस, सोयाबीन, तूर, ऊस ही पिके होतात. पण काळी जमीन सोडून थोड्या उंचवट्यावर गेले की कोठे गायरान, कोठे मुरमाड माळ आजही आढळतो. जिंतूरकडील डोंगराळ भागात तो अधिक आहे. पश्चिमेकडे बीड, अहिल्यानगर, सोलापूर आणि पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग या अवर्षणप्रवण पट्ट्यात तर माळरान हेच भूमीचे मूळ रूप होय.

शाळाभेटीच्या वेळी मी मुलांना नेहमी एक प्रश्न विचारतो : “तुमच्या गावच्या माळावर काय काय आहे?” बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : “काही नाही, साहेब. नुसता माळ आहे.” एकदा असे उत्तर आल्यावर मागच्या रांगेतील, मेंढपाळ घरातील एक मुलगी उभी राहिली आणि तिने सात प्रकारच्या गवतांची नावे सांगितली, कोणते मेंढरू आवडीने खाते व कोणते तोंडात धरीत नाही हेही सांगितले. ‘काही नाही’ म्हणणारी मुले आणि ती मुलगी रोज एकाच माळावरून शाळेत येत होती.

मारवेल, पवना, शेडा, कुसळी, कुंदा ही आपल्या माळावरची गवते. बाभूळ, हिवर, बोर, पळस, तरवड ही तेथील झाडेझुडपे. वैशाखात हा माळ करपलेला दिसतो, परंतु तो मेलेला नसतो. गवताचा जीव मुळांत असतो. मृगाच्या दोन सरी पडल्या की आठवड्याभरात तो हिरवा होतो. ही दाट मुळे मुरमाड उताराची माती धरून ठेवतात, पाणी जिरवितात आणि हवेतील कर्ब जमिनीत साठवितात. धनगर बांधवांचे कळप याच गवतावर पोसले जातात, आणि तीच मेंढरे पुढे शेतात बसविली की काळ्या जमिनीस खत मिळते. माळ आणि शेत यांचा हा जुना व्यवहार आहे.

माळावरचे रहिवासी पाहू जाता यादी बरीच लांबते : काळवीट, चिंकारा, लांडगा, कोल्हा, खोकड, ससा, घोरपड, पक्ष्यांत चंडोल, तित्तर, लावा, धाविक, टिटवी, पखुर्डी. टिटवी घरटे न बांधता उघड्या जमिनीवर चार अंडी घालते. ती खड्यांसारखी दिसत असल्याने जवळून जाणाऱ्यासही सापडत नाहीत. टिटवीने अंडी कोठे घातली यावरून पावसाचा अंदाज बांधणारे वृद्ध अजून गावोगाव आहेत. तो अंदाज खरा ठरो वा न ठरो, माळाकडे लक्षपूर्वक पाहण्याची सवय त्यामागे आहे व ती जतन करण्याजोगी आहे. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी आपल्याकडे येतात, गवतात जमिनीवरच रात्र काढतात आणि दिवसा नाकतोडे टिपतात. हे नाकतोडे शेतकऱ्याच्या पिकाचे शत्रू होत, हे सांगावयास नकोच.

माळ म्हणजे तुटलेले जंगल नव्हे

“पूर्वी येथे घनदाट अरण्य होते, माणसाने ते तोडले व माळ झाला,” असे आपण सहज सांगतो. काही ठिकाणी ते खरेही असेल. पण सर्व माळांस ते लागू नाही. या संदर्भात २०२५ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन मराठीच्या शिक्षकांना विशेष रुचेल. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्राविषयीच्या जुन्या मराठी वाङ्मयातील, कथांतील व गीतांतील वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. श्रीचक्रधरस्वामींच्या काळापासूनचे, म्हणजे सुमारे साडेसातशे वर्षांमागचे उल्लेख त्यांत आले. जी ४४ रानटी झाडेझुडपे त्यांना आढळली, त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश मोकळ्या, उन्हाच्या माळरानावर वाढणारी होती. म्हणजे हा माळ आजकालचा नाही. आपल्या भाषेतील आद्य ग्रंथ लिहिले जात होते तेव्हाही तो होता.

असे असूनही सरकारी दप्तरात माळाची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी होते. महसूल न देणारी जमीन ती पडीक, ही इंग्रजी अमदानीतील गणना पुढेही चालत राहिली. देशाच्या पडीक जमिनींचे जे नकाशासंग्रह २००० सालापासून प्रसिद्ध होत आले, त्यांतही गवताळ व झुडपी भूमीचा मोठा भाग त्याच सदराखाली येतो. एखाद्या जागेस पडीक म्हटले की ती कशासाठीही मोकळी होते : खाणीसाठी, कारखान्यासाठी, वसाहतीसाठी किंवा कचरा टाकण्यासाठी.

माळढोक आणि चित्ता

याची किंमत काय पडते हे माळढोकाच्या उदाहरणावरून दिसते. कालाहारीत कोरी नावाचा एक भव्य पक्षी आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत तो वजनाने सर्वांत भारी पक्ष्यांपैकी होय. आपला माळढोक त्याचाच जवळचा भाऊबंद, एकाच प्रजातिसमूहातला. नर माळढोकाचे वजन १५ किलोपर्यंत भरते. मादी मोकळ्या माळावर जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. राष्ट्रीय पक्षी निवडावयाचा होता तेव्हा पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी माळढोकाचा पुरस्कार केला होता. १९६३ साली तो मान मोरास मिळाला.

महाराष्ट्रात १९७९ साली सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. नान्नज हे त्यातील प्रसिद्ध ठिकाण. कागदावर त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. साहजिकच लोकांस ते जाचक वाटले, आणि पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान प्रत्यक्ष गवताचे तुकडे मात्र आक्रसत गेले. विहिरी झाल्या, ऊस आला, माळावर झाडे लावली गेली, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे बाजूंस असल्याने समोरची तार त्यास वेळेवर दिसत नाही व जड शरीर चटकन वळविता येत नाही. तारांचा हा प्रश्न २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. आज नान्नजला माळढोकाचे दर्शन अतिदुर्मीळ झाले आहे. साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. तेथे २०१९ पासून कृत्रिम रीतीने अंडी उबवून पिल्ले वाढविण्याचे कार्य चालू आहे.

चित्त्याची कथा तर दक्षिण आफ्रिकेस आणि आपल्या मुलखास थेट जोडणारी आहे. ‘चित्ता’ हे नावच मुळी भारतीय. अंगावरील ठिपक्यांमुळे पडलेले. माळावरच्या काळविटाचा पाठलाग करणारा हा प्राणी राजेरजवाडे शिकारीसाठी पाळीत. कोल्हापूर संस्थानात ही परंपरा मोठी होती. देशातील चित्ते दुर्मीळ झाल्यावर १९१८ पासून पुढे सुमारे पाव शतक कोल्हापूर व भावनगर येथे आफ्रिकेतून चित्ते आणविले जात. १९४७ साली कोरिया संस्थानात, म्हणजे आजच्या छत्तीसगडमध्ये, शेवटचे तीन रानटी चित्ते मारले गेले. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

त्यानंतर सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे ठेवण्यात आले. १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. त्यांतील काही दगावले, काहींना येथेच पिल्ले झाली. हा प्रयोग कितपत सिद्धीस जाईल ते काळ ठरवील. पण विद्यार्थ्यांपुढे एक हिशेब अवश्य मांडावा : प्राणी विमानातून आणता येतो, त्याच्या पायाखालचा माळ आणता येत नाही.

काळवीट आणि शेतकरी

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात हरणांचे कळप उभ्या पिकात शिरतात. उगवते सोयाबीन एका रात्रीत खुडले गेलेले ज्याने पाहिले, त्या शेतकऱ्याच्या मुलास ‘हरीण किती सुंदर’ एवढेच शिकविणे हा त्याच्या घरच्या दुःखाचा उपहास होईल. त्याचे नुकसान खरे आहे हे वर्गात मान्य करावे. वन्यप्राण्यांमुळे झालेल्या पीकहानीसाठी वनविभागाकडून भरपाईची तरतूद आहे. तिची माहिती शाळेच्या फलकावर लावता येईल व अर्ज लिहिण्याचा पाठ भाषेच्या तासात घेता येईल. त्याचबरोबर कारणही सांगावे. गवत चरणारा प्राणी गवत संपले की पिकात येतो. गायरान जसजसे आक्रसले तसतसा कळप बांधावर आला. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली अवघ्या २.१७ चौरस किलोमीटर जागेत काळविटांचे अभयारण्य झाले. थोड्या माळालाही केवढे मोल असते, ते यावरून कळावे.

वृक्षारोपणाविषयी दोन शब्द

दरवर्षी पावसाळ्यात शाळांकडून वृक्षारोपण होते. हे काम उत्तम आहे व ते उत्साहाने चालू ठेवावे. मात्र जागेची निवड विचारपूर्वक करावी. शाळेचे आवार, रस्त्याची कड, ओढ्याचा काठ, शेताचा बांध, वस्तीतील मोकळी जागा येथे कडुनिंब, वड, पिंपळ, चिंच, बाभूळ खुशाल लावावीत. परंतु जेथे मूळचे गवत उभे आहे अशा माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडिया, सुबाभूळ अथवा निलगिरी यांची दाट लागवड करू नये. त्या सावलीत मूळचे गवत मरते. गवताबरोबर चंडोल, धाविक, पखुर्डी जातात, आणि मेंढपाळाचे कुरणही जाते. माळ राखणे हेही निसर्गरक्षणच आहे. एकही रोप न लावता ते साधते, इतकेच.

शाळेत करून पाहण्याजोगे उपक्रम

१. गवताचा चौरस : माळावर सुतळीने एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा चौरस आखावा. त्यातील गवते, झुडपे, किडे मुलांनी मोजून नोंदवावेत. हीच नोंद आषाढात, कार्तिकात व चैत्रात करून तुलना करावी.

२. दवाचे पाणी : मार्गशीर्ष-पौषाच्या रात्री पत्र्याचे ताट उघड्यावर तिरके ठेवावे व खालच्या कडेशी वाटी ठेवावी. पहाटे ताटावर दव साचून ओघळलेले दिसेल. नामिबचा भुंगेरा धुके गोळा करतो, आपण दव गोळा करतो. हवेतील ओलावा थंड पृष्ठभागावर पाणी होतो हे तत्त्व मुलांस हाताने कळेल.

३. गवतांचा संग्रह : जुन्या वर्तमानपत्रांत गवताच्या काड्या दाबून वाळवाव्यात. गावातील मेंढपाळांस व वृद्धांस सन्मानाने शाळेत बोलावून प्रत्येकाचे स्थानिक नाव व उपयोग लिहून घ्यावा. मेंढपाळ घरातील मूल या वर्गात शिक्षकाच्या जागी बसावे.

४. मातीची परीक्षा : दुपारी उघड्या जमिनीस व गवताखालील जमिनीस हात लावून पाहावा. दोन्ही ठिकाणी तांब्याभर पाणी ओतून कोठे लवकर जिरते ते नोंदवावे.

५. माग ओळखणे : पायवाटेच्या धुळीत सकाळी उमटलेल्या पावलांची चित्रे वहीत काढावीत.

६. गावाचा नकाशा : नकाशात माळाची जागा कोरी न सोडता तेथे आढळलेल्या गवतांची, पक्ष्यांची व प्राण्यांची नावे लिहावीत.

मुलांस माळावर नेताना बरोबर एखादे मोठे माणूस असावे. दगड उलटू नयेत, बिळात हात घालू नये, आणि टिटवीची अंडी आढळल्यास दुरूनच पाहून मागे फिरावे.

समारोप

दूरचा भूगोल जवळच्या भूगोलास उजळण्यासाठी असतो. नामिबच्या भुंगेऱ्याची हकीकत ऐकून मूल थक्क होईल यात शंका नाही. परंतु त्या नवलाची नजर घेऊन ते आपल्या गावच्या माळावर गेले तरच पाठ पुरा झाला असे समजावे. माळ राखावा की मोडावा याचा निर्णय उद्या गावच करील, आणि त्यात मतभेदही होतील. पण तो निर्णय करणाऱ्यास तेथे काय आहे ते निदान ठाऊक असावे, एवढी जबाबदारी प्राथमिक शाळेची आहे.

दिवाळीनंतरच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने आपल्या गावच्या माळाचा नकाशा व गवतांची यादी आणावी, अशी विनंती आहे. गावात माळ उरलाच नसेल, तर तो कोठे होता व त्या जागी आता काय आहे, हे वृद्धांस विचारून लिहून आणावे. तीही नोंद तितकीच मोलाची ठरेल.

— शिक्षण विस्तार अधिकारी, पंचायत समिती, पाथरी